तापातली हुडहुडी : पांघरूण कधी घालावं, कधी काढावं

घरात कुणाला ताप चढला की दोन पक्ष पडतात. आजीचा पक्ष म्हणतो, पोराला हुडहुडी भरलीय, गोधडी घाला, खिडकी लावा. दुसरा पक्ष थर्मामीटर हातात धरून उभा असतो : १०२ ताप आहे, पांघरूण कसलं घालताय, कपडे सैल करा, पंखा लावा, कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. ज्याच्यावरून हे चाललंय तो दातावर दात आपटत पडलेला असतो आणि त्याचं मत कुणी विचारत नाही. वास्तविक दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत. आजीचा सल्ला ताप चढत असतानाचा, दुसऱ्या पक्षाचा ताप चढून बसल्यानंतरचा. यातली कोणती वेळ चालू आहे हे थर्मामीटरच्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी रुग्णाच्या पायाच्या बोटांना हात लावून बघावा लागतो.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सियसच्या, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइटच्या आसपास राखणं हे त्याच्या अनेक कामांपैकी एक. जंतू शरीरात शिरले की त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी इंटरल्यूकिन, टीएनएफ अशी रसायनं रक्तात सोडतात. ती मेंदूपर्यंत पोचली की तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे द्रव्य तयार होतं, आणि हायपोथॅलॅमस आपलं लक्ष्य वर सरकवतो. गिझरची कळ ३७ वरून ३९ वर फिरवावी तसं. टाकीतलं पाणी मघाइतकंच गरम असतं, पण गिझरच्या हिशेबी ते आता गार ठरतं. चंद्रपुरात भर मे महिन्यात, पंखा बंद असलेल्या खोलीतही माणूस थंडीने काकडतो तो यामुळे. हवा गार झालेली नसते, शरीराची अपेक्षा वाढलेली असते.

मग शरीर कामाला लागतं, आणि सुरुवात काटकसरीने करतं. आधी आहे ती उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही. त्यासाठी त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या अवयवांकडे वळतं. हातपाय गार पडतात, नखं फिकट होतात, ओठांवर निळसर झाक येते. केसांच्या मुळाशी असलेले चिमुकले स्नायू आखडून अंगावर काटा येतो. ज्या प्राण्यांच्या अंगावर दाट केस आहेत त्यांना याचा खरा उपयोग, कारण उभ्या केसांत हवा अडकून ऊब टिकते. माणसाकडे केसांचं वैभव उरलेलं नाही, काटा मात्र येतो. रुग्ण गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करतो, तेही उष्णता निसटायला कमी जागा ठेवण्यासाठीच.

एवढ्याने भागलं नाही तर उष्णता नव्याने तयार करावी लागते, आणि तिचा सर्वांत मोठा कारखाना म्हणजे स्नायू. ते आपल्या इच्छेविना, भराभर आखडू-सैलावू लागतात. या हालचालीतून कोणतंही काम होत नाही, ओझं उचललं जात नाही की पाऊल पुढे पडत नाही, त्यामुळे खर्च झालेली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होऊन अंगातच राहते. जोराच्या कापऱ्यात शरीराची उष्णतानिर्मिती नेहमीच्या चार-पाच पटींपर्यंत जाऊ शकते. अर्ध्या तासाच्या हुडहुडीनंतर माणूस मैलभर धावून आल्यासारखा गळून का जातो, याचं उत्तर इथे आहे.

तापमान नव्या लक्ष्याला टेकलं की कापरं आपसूक थांबतं. आता हातपायही गरम होतात, चेहरा लाल होतो, रुग्ण स्वतःच पांघरूण लाथाडतो. पुढे केव्हातरी, औषधाने किंवा जंतूंचा जोर ओसरल्याने, लक्ष्य पुन्हा खाली येतं. शरीराला अचानक कळतं की आपण फार गरम आहोत. रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दरदरून घाम सुटतो.

एक गैरसमज इथेच निकालात काढावा. दोन घोंगड्या घालून, वर वाफ देऊन ‘घाम काढला’ की ताप उतरतो असं अजून अनेक घरांत मानतात. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. लक्ष्य खाली आलं म्हणून घाम येतो, घाम आल्याने लक्ष्य खाली येत नाही. जबरदस्तीने काढलेल्या घामाने शरीरातलं पाणी तेवढं कमी होतं, आणि तापात आधीच ते कमी पडत असतं.

शरीर एवढा खटाटोप करतंच कशाला, असा प्रश्न पडतो. त्याचं एक सुरेख उत्तर १९७५ साली एका सरड्याने दिलं. अमेरिकेच्या वाळवंटात राहणारा डेझर्ट इग्वाना थंड रक्ताचा. त्याला कापरं भरवून ताप आणता येत नाही, उन्हात जाऊन बसावं लागतं. मॅथ्यू क्लूगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा सरड्यांना जिवाणूंची लागण केली आणि त्यांना वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. ज्यांना गरम राहता आलं त्यांच्यातले जास्त जगले, ज्यांना गार ठेवलं त्यांच्यातले जास्त मेले. तेव्हापासून ताप हा आजार नसून आजाराशी लढायची एक युक्ती आहे, हा विचार बळावत गेला. मात्र याचा अर्थ तापाचं कौतुक करत बसावं असा नाही. तापमान एका अंश सेल्सियसने वाढलं की शरीराची प्राणवायूची गरज साधारण दहा टक्क्यांनी वाढते, आणि कापऱ्यात त्याहून पुष्कळ अधिक. तरण्याताठ्या माणसाला हा भार पेलतो. हृदयविकार किंवा दमा-सीओपीडी असलेल्या सत्तरीतल्या माणसाला तो जड जातो. अशांना तापाचं औषध वेळेवर द्यावं, ‘लढू दे शरीराला’ म्हणून थांबू नये.

आता प्रत्यक्ष करायचं काय? आधी छातीला किंवा पोटाला हात लावावा, मग पायाच्या आणि हाताच्या बोटांना. धड गरम आणि बोटं गार असतील तर ताप अजून चढतो आहे. या वेळी पांघरूण घालणं योग्यच. एक रग किंवा गोधडी, पायांत मोजे, पंख्याचा झोत बंद. गरम पेज, भाताची निवळ, गवती चहा, साधं कोमट पाणी, यांतलं जे गळ्याखाली उतरेल ते घोटघोट द्यावं. आलं-तुळशीच्या काढ्याने ताप जात नाही, पण घशाला बरं वाटतं आणि पोटात पाणी जातं, तेवढ्यासाठी तो चालेल. गरम पाण्याची पिशवी द्यायची तर टॉवेलात गुंडाळून, आणि मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना देऊच नये. भाजल्याचं त्यांना कळत नाही. खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवण्याचा प्रकार डोंगराळ भागात हिवाळ्यात होतो, तो तर जिवावर बेततो. त्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि याच वेळी एक गोष्ट टाळायची : गार पाण्याच्या पट्ट्या. मीठपाण्याच्या असोत की जुन्या घरांतल्या कोलनवॉटरच्या, हुडहुडी चालू असताना त्या उलटं काम करतात. लक्ष्य ३९ वरच आहे, त्वचा तेवढी गार केली, तर शरीर आणखी जोराने कापू लागतं. रुग्णाचे हाल वाढतात आणि ताप तसूभरही खाली येत नाही. बर्फाचं पाणी किंवा स्पिरिट अंगाला लावणं त्याहून वाईट, लहान मुलांच्या बाबतीत तर घातक, कारण स्पिरिट त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातं.

बोटं गरम झाली, कापरं थांबलं की पक्ष बदलावा. गोधडी काढून पातळ चादर, सुती सैल कपडे, खेळती हवा. पंखा सरळ अंगावर नको, पण खोलीत चालू असायला हरकत नाही. अंग पुसायचंच असेल तर ते या टप्प्यावर, कोमट पाण्याने, तापाचं औषध देऊन झाल्यावर, आणि रुग्णाला बरं वाटत असेल तरच. तो शहारू लागला की लगेच थांबावं. घामाच्या टप्प्यात ओले कपडे बदलावेत, ओआरएस, लिंबू-साखर-मिठाचं पाणी किंवा ताक द्यावं, आणि वयस्कर माणसाला एकट्याने उठून मोरीकडे जाऊ देऊ नये. रक्तवाहिन्या रुंदावल्याने रक्तदाब खाली आलेला असतो. ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि म्हातारं माणूस नेमकं तेव्हा चक्कर येऊन पडतं.

थर्मामीटर लावायची वेळही या टप्प्यांवर अवलंबून आहे. कापरं चालू असताना काखेतली त्वचा गार असते, त्यामुळे आकडा खरा येत नाही. कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या, कपाळासमोर धरायच्या बंदुकीचंही तेच. ती त्वचेची उष्णता मोजते, आणि रक्त त्वचेपासून दूर गेलेलं असतं. अंग फणफणलेलं वाटतं आणि यंत्र ९९ दाखवतं, तेव्हा यंत्रावर विसंबू नये. अर्ध्या तासाने पुन्हा मोजावं. ऑक्सिमीटरही गार बोटावर चुकीचा आकडा दाखवू शकतो, बोट चोळून, उबदार करून मग लावावा. एरवीही आकड्याला फार चिकटून राहण्यात अर्थ नाही. जर्मनीतल्या लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रुग्णांच्या नोंदींवरून १८६८ साली ३७ अंश ही सरासरी रूढ केली, पण निरोगी माणसाचं तापमानही पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतं. व्यवहारात ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट आणि त्यापुढचा तो ताप, असं धरतात.

औषधाचं म्हणाल तर पॅरासिटामॉल पुरेसं असतं. ते मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याला आळा घालतं, म्हणजे गिझरची कळच खाली आणतं. गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासात कापरं निवतं, घाम येतो, माणूस उठून बसतो. चार-सहा तासांनी गोळीचा अंमल संपतो, जंतू मात्र तिथेच असतात. लक्ष्य पुन्हा वर जातं आणि पुन्हा हुडहुडी भरते. ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणून लोक इथे घाबरतात, डॉक्टर बदलतात, इंजेक्शनचा आग्रह धरतात. गोळीने तिचं काम केलेलं असतं. मूळ आजार बरा करणं हे तिचं काम नव्हे.

प्रौढाने एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम घ्यावं, दोन गोळ्यांत शक्यतो सहा तासांचं अंतर ठेवावं. २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते, घरच्या घरी उपचार करताना ३ ग्रॅमच्या आत राहणं बरं. यकृताचा विकार असलेल्यांनी आणि रोज दारू पिणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. सर्दी-खोकल्याच्या बहुतेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते लक्षात न घेता दोन्ही घेणारे अनेक जण आहेत. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा यकृताला महागात पडतो. मुलांना वजनाच्या हिशेबाने, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५०. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं सिरपही मिळतं आणि २५० चंही, आणि थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिलिटरमध्येच १०० असतात. त्यामुळे ‘एक चमचा दे’ हा फोनवरचा सल्ला धोक्याचा. बाटलीसोबतचं मापाचं झाकण वापरावं. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये, आणि पावसाळ्यात डेंग्यू नाही हे कळेपर्यंत मोठ्यांनीही ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन टाळावं, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

सगळ्याच थंड्या सारख्या नसतात. एक नुसती कणकण, एखादा स्वेटर घातला की भागणारी. दुसरीत जाड पांघरुणाशिवाय राहवत नाही. आणि तिसरीत दोन गोधड्यांखालीही माणूस असा थडथडतो की खाट हलते. जपानमधल्या डॉक्टरांनी तापाने आलेल्या ५२६ रुग्णांची जवळजवळ अशीच वर्गवारी केली आणि २००५ साली ती प्रसिद्ध केली. थंडी अजिबात न वाजलेल्यांशी तुलना करता, पांघरुणाखालीही कापणाऱ्यांच्या रक्तात जिवाणू सापडण्याची शक्यता सुमारे बारा पट होती, आणि जाड पांघरूण लागणाऱ्यांत चौपट. कोणतंही यंत्र न लागणारी इतकी स्वस्त तपासणी दुसरी क्वचितच असेल. तरी डॉक्टरांकडे गेल्यावर बहुतेक लोक सांगतात काय, तर ‘१०३ होता’. हुडहुडी किती वाजता भरली, किती मिनिटं टिकली, किती पांघरुणं लागली, दिवसातून कितीदा आली, हे सांगितलं तर डॉक्टरांना त्या १०३ पेक्षा जास्त कळतं.

रक्तात जिवाणू येण्याचा एक नेहमीचा मार्ग म्हणजे मूत्रपिंड. हुडहुडी, कमरेच्या वर एका बाजूला ठणका, लघवीला जळजळ, विशेषतः बायकांत आणि मधुमेह्यांत असं असेल तर लघवीची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. थंडी-ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि डोळे पिवळे, हे पित्तनलिकेतल्या संसर्गाचं लक्षण असू शकतं आणि त्यात रात्र काढणंही धोक्याचं. बाळंतपणानंतर लगेच थोडा वेळ कापरं भरणं सामान्य आहे, पण पुढच्या दिवसांत थंडी वाजून ताप आला तर ‘बाळंतिणीला वारं लागलं’ म्हणून घरात ठेवू नये. आणि सलाईन किंवा रक्त चालू असताना हुडहुडी भरली तर पांघरूण मागण्याआधी परिचारिकेला हाक मारावी, ती बाटली तत्काळ बंद करावी लागते.

हुडहुडी म्हटलं की महाराष्ट्रात पहिली शंका हिवतापाची, आणि ती रास्त आहे. मलेरियाचे परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशींत वाढतात आणि ठरावीक काळाने एकाच वेळी त्या फोडून बाहेर पडतात. पेशी फुटण्याची आणि हुडहुडीची वेळ एकच, हे इटलीतल्या पाविया इथे कामिल्लो गोल्जी यांनी १८८६ च्या सुमारास दाखवून दिलं. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात परजीवी सापडला तो त्यानंतर, १८९७ साली. नमुनेदार मलेरियात पाऊण-एक तास कापरं, मग काही तास फणफणता ताप, मग घाम, आणि एक दिवस मोकळा गेला की पुन्हा तेच. मोकळ्या दिवशी माणूस कामावर जातो, दुखणं गेलं असं समजतो आणि तपासणी राहून जाते.

पण या वेळापत्रकावर भरवसा ठेवू नये. सुरुवातीच्या दिवसांत ताप रोजही येतो, आणि फॅल्सिपेरम मलेरिया, जो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, तो तर वेळापत्रक फारसं पाळतच नाही. राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार गडचिरोली जिल्हा वाहतो आणि तिथे फॅल्सिपेरम पुष्कळ. मुंबईत बांधकामांवरचं साचलेलं पाणी, गच्चीवरच्या उघड्या टाक्या आणि विहिरी ही डासांची पैदास केंद्रं. अशा ठिकाणाहून आलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावं, पुढच्या हुडहुडीची वाट बघू नये. पहिला अहवाल निगेटिव्ह आला आणि शंका कायम असली तर १२ ते २४ तासांनी पुन्हा तपासावं. व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला तर क्लोरोक्विनच्या तीन दिवसांनंतरही प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स राहतो. यकृतात दडून बसलेले परजीवी त्यानेच मरतात. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून तो सोडून देणारे काही महिन्यांनी त्याच हुडहुडीने परत येतात, आणि दोष नव्या डासाला देतात. ही गोळी गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना देत नाहीत, आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांनाही ती घातक ठरू शकते, म्हणून ती मनाने घ्यायची नाही.

दुसरे ताप प्रदेशाप्रमाणे बदलतात. पुराच्या किंवा भातखाचराच्या पाण्यात पाय भिजले असतील आणि आठ-दहा दिवसांत थंडी-ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना, डोळे लाल, तर लेप्टो. मुंबईने २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर त्याचा मोठा फटका सोसला, आणि हल्ली महापालिका पाणी तुंबल्यावर त्यातून चालत गेलेल्यांना ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्यायला सांगते. दोडामार्ग आणि गोव्यातला सत्तरी तालुका इथे काजूच्या हंगामात जंगलात वावरणाऱ्याला अचानक थंडी-ताप आला तर गोचिडीपासून होणाऱ्या माकडतापाचा विचार करावा लागतो. विदर्भात पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस. नागपूर परिसरात २०१८ साली त्याची साथ आली होती. जांघेत, काखेत, स्तनांखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते का, ते बघावं. ती दुखत नाही, त्यामुळे रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. डेंग्यूमध्ये लक्षात ठेवायचं ते हे की ताप उतरल्यावर, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास, खरा धोका असतो.

लहान मुलांचं गणित वेगळं. नवजात बाळ मोठ्यांसारखं कापत नाही. खांद्यांच्या मधली आणि मानेजवळची तपकिरी चरबी जाळून ते ऊब निर्माण करतं. त्यामुळे तान्ह्या बाळात हुडहुडीची वाट बघायची नाही : तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला, किंवा उलट ते गार पडलं, दूध ओढेना, मलूल झालं, तर तडक दवाखाना. थोड्या मोठ्या मुलांत आईबाप हुडहुडीला आकडी समजतात आणि आकडीला हुडहुडी. फरक ओळखणं अवघड नाही. थंडीने कापणारं मूल नावाने हाक मारली की बघतं, रडतं, कुशीत शिरतं. आकडीत डोळे वर फिरतात, मूल प्रतिसाद देत नाही, हातपाय ताठ होऊन झटके देतात. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापातली आकडी शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते आणि बहुतेकदा मागे काही ठेवून जात नाही. मुलाला कुशीवर वळवावं, घड्याळ बघावं, तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मोलाची मिनिटं जातात. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर जवळच्या रुग्णालयात न्यावं. थांबले तरी पहिल्या आकडीनंतर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावं.

म्हाताऱ्या माणसांत आणखी एक पेच. न्यूमोनिया झालेल्या आजोबांना कधीकधी ताप येतच नाही, नुसते जरा कापतात आणि असंबद्ध बोलतात. ‘वय झालं’ म्हणून ते सोडून देऊ नये.

ताप नसतानाही कापरं भरतं. मधुमेही माणूस थरथरतो, अंग घामाने थबथबतं पण गार लागतं, तेव्हा साखर उतरलेली असण्याची शक्यता जास्त. ती लगेच मोजावी, आणि यंत्र हाताशी नसेल व माणूस शुद्धीवर असेल तर चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. याच्या अगदी उलट टोकाला उष्माघात. एप्रिल-मेच्या उन्हात काम करणाऱ्याचं अंग १०४ च्या वर तापलं आणि तो बरळू लागला, तर इथे हायपोथॅलॅमसचं लक्ष्य ३७ वरच असतं. शरीर हरलेलं असतं. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही आणि पांघरुणाचा तर नाहीच. त्याला सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतावं, पंखा लावावा, काखेत-जांघेत बर्फ ठेवावा आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा. तापात जे वर्ज्य सांगितलं तेच इथे जीव वाचवतं.

रुग्णालयात कधी न्यावं? कापरं थांबलं, ताप उतरला, तरी हातपाय गारच राहिले आणि त्वचेवर निळसर-जांभळे डाग दिसू लागले, तर रक्ताभिसरण कोलमडत असल्याची ती खूण आहे आणि ती सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. श्वास जोरात चालणं, सात-आठ तास लघवी न होणं, वेळ-जागेचं भान सुटणं, मान ताठ होणं, सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणं, कुठूनही रक्त जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नये. कर्करोगाचे उपचार चालू असलेले, प्लीहा काढलेले, डायलिसिसवरचे आणि गरोदर स्त्रिया यांना एकदा जरी जोराची हुडहुडी भरली तरी तेवढंच कारण पुरेसं आहे.

निघताना घेतलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, तापाच्या वेळा लिहिलेला कागद आणि महिन्याभरातल्या प्रवासाची, शेतीकामाची, पुराच्या पाण्याची माहिती सोबत असावी. आणि कपाटात मागच्या आजारपणातली उरलेली अँटिबायोटिक असेल, तर निघायच्या घाईत तिची गोळी देऊ नये. रक्ताचा नमुना घेण्याआधी ती पोटात गेली की कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता कमी होते, आणि मग डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं.